एक वाजून सोळा मिनिटे

टेकडीच्या माथ्यावर हवामानाच्या नोंदी ठेवणारी एका खोलीची चौकी आहे. तिच्या अंगणात दगडी खांबावर काचेचा एक भरीव गोळा बसवलेला आहे, आकाराने मोठ्या मोसंबीएवढा. गोळ्याच्या मागे पितळेची वक्र खाच असून तिच्यात रोज निळ्या जाड कागदाची एक पट्टी सरकवावी लागते. सूर्य जसजसा पुढे जातो, तसतसे गोळ्यातून एकवटलेले ऊन त्या पट्टीवर तपकिरी रेघ जाळत जाते. ढग आला की रेघ तुटते, ढग सरला की पुढे चालू होते. सूर्यास्तानंतर पट्टी काढायची, पाठीमागे तारीख घालायची आणि उद्यासाठी कोरी पट्टी बसवायची. हे काम सव्वीस वर्षे करणाऱ्या बाईंना सारे गाव मोजणीबाई म्हणून ओळखते. ऊन मोजण्यासाठी सरकार पगार देते, ही गोष्ट गावाला प्रथम विनोदी वाटली होती. पुढे सवयीने तो विनोदही जुना झाला.

चौकीतल्या कपाटात एक्केचाळीस वर्षांच्या पट्ट्या ओळीने लावलेल्या आहेत. त्यांतील पंधरा वर्षे बाईंच्या गुरूंची, सव्वीस त्यांची. मध्ये एकाही दिवसाची फट नाही. बाईंच्या बाळंतपणात त्यांचे यजमान रोज संध्याकाळी टेकडी चढून पट्टी बदलत आणि मगच बाळाचे तोंड पाहायला जात. हे यजमान बाजारात घड्याळे दुरुस्त करतात. त्या दोघांची ओळख कशी झाली, हे आधी सांगणे भाग आहे, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ तिथे आहे.

पट्टीवर छापलेले तास सूर्याचे असतात. सूर्य त्या जागेच्या आकाशात सर्वांत उंच चढतो, तेव्हा पट्टीवर बारा वाजतात. मनगटावरच्या घड्याळात मात्र साऱ्या देशाचे बारा एकदमच वाजतात, मग सूर्य त्या क्षणी कोणाच्या डोक्यावर असो वा नसो. हे गाव देशाच्या पश्चिम अंगाला आहे. तेथे सूर्य मागाहून पोचतो, कधी अठ्ठावीस मिनिटांनी, कधी चाळीस, ऋतूप्रमाणे. गुरूंचा दंडक असा की, पट्टी सूर्याची, तर भिंतीवरचे घड्याळही सूर्याचे आणि नोंदवहीही सूर्याचीच. तेव्हा नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मोजणीबाई ते घड्याळ काखोटीला मारून बाजारातल्या दुकानात गेल्या.

"हे बत्तीस मिनिटं मागे लावून द्या."

तरुण घड्याळजींनी घड्याळ कानाशी धरले. "पण हे तर बरोबर चालतंय."

"म्हणून तर आणलंय."

"लोक बिघडलेलं दुरुस्त करायला आणतात. चांगलं बिघडवून न्यायला आलेलं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच."

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. आता एक मिनिट पुढे घ्यायचे होते. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आल्या. काटा कसा फिरवतात हे त्यांना ठाऊक नव्हते, असे मानायला काहीही पुरावा नाही. वर्षाच्या आत दोघांचे लग्न झाले. "आमच्या घरात दोन मतं कधीच नसतात," घड्याळजी सांगत, "दोन वेळा असतात."

त्या वर्षी रानातली ओल लवकर सरली. गवत कमरेएवढे वाढून जागच्या जागी वाळले आणि अकरा दिवसांत टेकड्यांवर सहा वणवे लागले. कोणी दगावले नाही. पण गवताच्या दोन गंजी, लाकडांची एक वखार आणि एका बागेचे कुंपण जळाले. गावाचा बंब एकच. तो इतक्या वेळा धावला की त्याच्या घंटेचा आवाज बसला, असे लोक म्हणू लागले. धुराचा वास वाळत घातलेल्या कपड्यांत राहिला, उशांत राहिला.

वणव्याला कारण असते, गावाला मात्र कर्ता हवा असतो. कारणावर रागावता येत नाही, त्याला चार शब्द सुनावता येत नाहीत. म्हणून चौकातल्या सलूनमध्ये, तीन खुर्च्या आणि एका लांब आरशासमोर, रोज एक नवा माणूस आग लावणारा ठरू लागला. सलूनवाला मनाने वाईट नव्हता. त्याच्या हातात वस्तरा असल्यामुळे त्याला मध्येच कोणी तोडत नसे, एवढेच. सोमवारी त्याने विडी ओढणाऱ्यांवर ठपका ठेवला, मंगळवारी लाकडाच्या व्यापाऱ्यावर. पण व्यापाऱ्याचीच वखार जळाल्यावर तो संशय टिकेना. बुधवारी दुपारी सर्वांत मोठा, पाचवा वणवा लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याची नजर आरशातून टेकडीवर गेली.

"सरळ हिशेब आहे," तो गिऱ्हाइकाच्या गालावर फेस फिरवत म्हणाला. "त्या गोळ्यानं कागद जळतो की नाही?"

"जळतो."

"मग गवत काय ओलं असतं?"

गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेस होता, त्यामुळे मुद्दा बिनविरोध मंजूर झाला.

शुक्रवारी चौकशी अधिकारी टेकडीवर आले. बरोबर गावाचा प्रतिनिधी म्हणून, स्वतःच स्वतःची नेमणूक करून, सलूनवाला होता. मोजणीबाईंनी दोघांना पाणी दिले आणि मूठभर वाळके गवत सलूनवाल्याच्या हातात दिले.

"धरा गोळ्यामागे. हवं तिथे."

सलूनवाल्याने हातभर लांब धरले. काही झाले नाही. वीतभर अंतरावर धरले, तरी काही नाही. बाईंनी त्याचे मनगट धरून हात जवळ आणला. बोटाच्या एका पेराएवढे अंतर उरले तेव्हा धुराची बारीक वळी निघाली आणि त्याने "अयाई!" म्हणत गवत टाकले. अधिकाऱ्यांनी ते बुटाने विझवले.

"एवढ्या अंतरावर पितळेची खाच असते," बाई म्हणाल्या. "गवत तिथे जाऊन बसलं तर पेटेल. पण चढायचं कसं, ते गवतालाच विचारावं लागेल."

अधिकारी हसले. गोळा निर्दोष सुटला. मात्र टेबलावर नोंदवही उघडी होती. अधिकारी खांब तपासत असताना सलूनवाल्याने बुधवारचे पान पाहिले, खिशातून फोन काढला आणि फोटो घेतला. पानावर बाईंच्या सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: "१.१६. आग्नेयेस ओढ्यापलीकडे धुराचा खांब. बंबाला फोन केला."

बंबाच्या वहीत तो फोन एक बावन्नला आल्याची नोंद होती.

संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. कोणीतरी त्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढले. ज्यांनी गोळ्याची गोष्ट हसण्यावारी नेली होती, तेही आता हसेनात. हे बाईंचे स्वतःचे अक्षर होते. छत्तीस मिनिटे! छत्तीस मिनिटे रान जळताना ही बाई हात बांधून पाहत बसली? की धूर निघायच्या आधीच तिला ठाऊक होते?

शनिवारी सकाळी अधिकारी पुन्हा आले. या वेळी ते पाणी प्यायले नाहीत.

"बाई, धूर दिसला तेव्हा किती वाजले होते?"

"एक सोळा."

"आणि फोन कधी केलात?"

"लगेच. फार तर दोन मिनिटांत."

"बंबाकडे नोंद एक बावन्नची आहे."

"बरोबर आहे की."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. "सोळा अधिक दोन, बावन्न?"

मोजणीबाईंनी मग भिंतीवरचे घड्याळ दाखवले, अधिकाऱ्यांच्या मनगटावरचे दाखवले, छापील कोष्टक काढले. या आठवड्यात फरक चौतीस मिनिटांचा. अधिकारी शिकलेले होते, त्यांना ते पटले. पण त्यांनी पुढे जे सांगितले ते खरे होते, आणि म्हणूनच कठीण होते.

"मला पटून काय उपयोग? गाव चवताळलंय. वरून हुकूम आलाय की लोक शांत होईनात तर चौकशी संपेपर्यंत चौकी बंद ठेवा. सोमवारी सकाळी किल्ली माझ्याकडे जमा करावी लागेल."

"आणि सोमवारची पट्टी?"

"ती राहील."

"राहील म्हणजे?"

अधिकाऱ्यांनी पेन खिशाला लावले. एक्केचाळीस वर्षांच्या त्या रांगेत पहिली फट पडायला दोन दिवस उरले होते.

घरी घड्याळजी बाजारातून तणतणत आले. "मी चार जणांना उभं करून समजावलं. म्हणे, बायकोची बाजू नवरा घेणार नाही तर कोण घेणार! अरे, सव्वीस वर्षं तिच्या घड्याळाशी माझं पटलं नाही, मी कशाला बाजू घेऊ?"

"अहो, चूक माझीच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "सव्वीस वर्षांत एकदाही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं नाही की या वेळा सूर्याच्या आहेत. मला वाटायचं, उन्हाच्या वहीत दुसऱ्या कोणाच्या असणार?"

"मग आता?"

"ऊन माझंच आहे का? सगळ्यांवर पडतंय. त्यांनाच मोजू देत."

रविवारी सकाळी बंबाच्या आवारात, सिमेंटच्या मोकळ्या जागेवर, मोजणीबाईंनी पुरुषभर उंचीचा बांबू ओळंबा लावून सरळ उभा केला. त्याच्या बुंध्याभोवती खडू बांधलेल्या दोरीने वर्तुळ काढले. निम्मे गाव जमले होते. काही जण बाईंची फजिती पाहायला आले होते, काही चौकशी अधिकाऱ्यांची. सुटीच्या दिवशी दुसरे काही नसल्यामुळे आलेलेही पुष्कळ होते. अधिकाऱ्यांनी दोन अटी घातल्या. कोणीही फोन बाहेर काढायचा नाही, कारण एक फोटो पुरे झाला होता. आणि वेळ सांगायची ती सलूनवाल्याने, स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळातून, म्हणजे मागाहून कोणी घड्याळजींकडे बोट दाखवायला नको.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "सावली लहान होत होत वर्तुळाच्या आत शिरेल. तिचं टोक खडूच्या रेघेला टेकलं की वेळ सांगायची. मग ती आत आखडेल, पुन्हा वाढेल आणि दुसऱ्या बाजूनं रेघेला टेकेल. तेव्हा पुन्हा वेळ सांगायची. दोन्हींच्या बरोबर मध्ये सूर्याचे बारा. मी म्हणते, ते तुमच्या घड्याळात बारा चौतीस असतील. एवढंच."

"आणि नसले तर?" सलूनवाल्याने विचारले.

"तर किल्ली आत्ताच घ्या."

घड्याळजींनी डोळे मिटून घेतले.

सावलीचे टोक रेघेला टेकले. "अकरा एकतीस!" सलूनवाला गरजला. बंबाच्या प्रमुखांनी खुणेसाठी तिथे एक खडा ठेवला. मग वाट पाहणे सुरू झाले. तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. तो याच आवारातून रोज होतो आणि गाव त्यावर आपला दिवस लावते. भोंग्याच्या ठोक्याला सावली थांबेल अशी अनेकांची अपेक्षा होती. ती आखडतच राहिली.

"अगं, ही तर अजून आत चाललीय!" एक आजी उद्गारल्या.

"तिला भोंगा ऐकू आला नसेल," कोणी म्हणाले, आणि पहिल्यांदा लोक बाईंना नव्हे, सावलीला हसले.

एका जागी सव्वादोन तास सूर्याकडे लक्ष देण्याचा प्रसंग माणसावर सहसा येत नाही. कोपऱ्यावरच्या पाववाल्या मावशींनी टोपलीभर पाव आणले. बंबाच्या जवानांनी बादलीत पाणी आणि सरबताची पावडर कालवली. लोक आपापल्या सावल्या पावलांनी मोजू लागले. दोन शेजारी, ज्यांचे वर्षभर बोलणे बंद होते, कोणाची सावली लांब यावरून हमरीतुमरीवर आले आणि त्या निमित्ताने बोलू लागले. जाड काडीच्या चष्म्याच्या एक निवृत्त बाई प्रत्येकाला हटकून म्हणत होत्या, "मागे व्हा, रेघेवर पाय पडेल." रेघ आता सगळ्यांचीच झाली होती.

दीडच्या सुमारास पश्चिमेकडून ढगाचा एक पांढरा पुंजका निघाला. थोड्याच वेळात तो सूर्याच्या अगदी कडेला आला. सावली रेघेपासून चार बोटे दूर होती. जे लोक बाईंची फजिती पाहायला आले होते, त्यांच्यातलाच एक ओरडला, "अरे हट! जरा थांब की मेल्या!" आणि साऱ्या आवारातून ढगाला शिव्या सुरू झाल्या. हे लोक काय पाहायला आले होते, ते त्यांच्याही लक्षात राहिले नव्हते. ढगाने सूर्याची कड चाटली, सावली एकदा फिकी झाली, पुन्हा काळी झाली आणि रेघेला टेकली.

"एक एक्कावन्न!"

आवारात बोटांवर आकडेमोड सुरू झाली. दोन तास वीस मिनिटे, निम्मे एक तास दहा. अकरा एकतीसमध्ये मिळवा.

"बारा एक्केचाळीस," सलूनवाला सावकाश म्हणाला. "चौतीस नाही. सात मिनिटं चुकली."

मोजणीबाईंचा चेहरा उतरला. सूर्य चुकला नसणार, हे त्यांना माहीत होते. पण शब्द दिला होता. त्यांनी कमरेची किल्ली हातात घेतली.

"थांबा हो, थांबा," पाववाल्या मावशी टोपली खाली ठेवत म्हणाल्या. "भोंगा झाला तेव्हा मी याच्या शेजारीच उभी होते. याच्या घड्याळात बारा सात झाले होते. मला वाटलं, भोंगाच उशिरा झाला!"

बंबाचे प्रमुख तडकले. "आमचा भोंगा बाराच्या ठोक्याला होतो, मावशी!"

सर्वांच्या नजरा सलूनवाल्याच्या मनगटाकडे वळल्या. त्याचा चेहरा पडला. घड्याळजी, जे बायकोची बाजू घेतली असे होऊ नये म्हणून सकाळपासून तोंडाला कुलूप लावून बसले होते, आता मात्र उठले.

"अहो दादा, ते घड्याळ मीच नाही का सात मिनिटं पुढे लावून दिलं? तुम्हीच म्हणालात, दुकान वेळेवर उघडायला मदत होते!"

हसण्याचा असा कल्लोळ उठला की बंबाच्या छपरावरची कबुतरे उडाली. एक्केचाळीसमधून सात वजा करायला कोणाला बोटे लागली नाहीत. सलूनवाला कपाळाला हात लावून मधोमध उभा होता.

"ठीक आहे, ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "सूर्याची वेळ वेगळी, मान्य. माझीही वेगळी, मान्य! पण वहीत तुम्ही सूर्याचीच वेळ लिहिता, हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता, आणि हसणे पुन्हा थांबले. इतक्या वर्षांचे अंगवळण हाच मोजणीबाईंचा एकमेव दाखला होता. पण अंगवळण कोणाला कसे दाखवणार?

"फोन काढून तो फोटो पुन्हा पाहू का?" सलूनवाल्याने अधिकाऱ्यांना विचारले. त्यांनी मान हलवली. त्याने फोन काढला, पान मोठे केले आणि लाल वर्तुळ बाजूला सारून प्रथमच उरलेले पान वाचू लागला. वाचता वाचता त्याचे ओठ हलायचे थांबले.

"काय आहे?" मावशींनी विचारले.

त्याने घसा साफ केला आणि मोठ्याने वाचले, "अकरा सव्वीस. भोंगा ऐकू आला. वारा दक्षिणेचा, आवाज स्पष्ट." मग तो बाईंकडे वळला. "मोजणीबाई, हे रोज लिहिता?"

"रोज. वारा कुठला ते आवाजावरून कळतं. गुरूंनी लावलेली सवय."

"बाराचा भोंगा? अकरा सव्वीसला?"

"मग! सूर्याचे तेव्हा तेवढेच वाजलेले असतात."

आवारात दोनशे फोन एकदम बाहेर आले. दोन दिवस प्रत्येकाच्या खिशात तीच ओळ होती, लाल वर्तुळाच्या तीन ओळी वर. ती कोणीच वाचली नव्हती. बाईंनाही ती पुरावा म्हणून सुचली नव्हती, कारण त्यांच्या लेखी तिच्यात नवल असे काहीच नव्हते. बंबाच्या प्रमुखांनी मोठ्या आवाजात हिशेब पुरा केला: एक सोळा अधिक चौतीस, एक पन्नास. फोन एक बावन्नला. "दोन मिनिटं! सहाही वणव्यांत आम्हाला इतक्या लवकर कोणी कळवलं नव्हतं."

चौकशी अधिकाऱ्यांनी किल्ली घेतली नाही. ते आधीच वहीवर झुकून काहीतरी टिपून घेत होते. बाईंच्या त्या एका नोंदीत दिशा होती, जागा होती आणि आता मिनिटही होते. आठवडाभरात वीजकेंद्राच्या वहीत त्याच दिवशीच्या एक सत्तेचाळीसला ओढ्यापलीकडची तार तुटल्याची नोंद सापडली आणि त्या एका वणव्याचे कारण लेखी ठरले. उरलेल्या पाचांची कारणे सापडली नाहीत. अहवालात त्यांच्यापुढे "अज्ञात" असे लिहिले आहे. गावाने तो शब्द हळूहळू सहन करायला शिकून घेतले. एवढेही शिक्षण थोडे नाही.

त्या रविवारी सूर्यास्ताला पट्टी बदलण्यासाठी मोजणीबाई टेकडी चढल्या, तेव्हा त्यांच्यामागे पन्नास-साठ माणसे होती. पाववाल्या मावशी तीनदा बसल्या, पण माघारी फिरल्या नाहीत. बाईंनी खाचेतून पट्टी काढून सर्वांपुढे धरली. तपकिरी रेघ पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत अखंड होती. फक्त एके ठिकाणी, सूर्याच्या एक वाजून दहा मिनिटांच्या आसपास, ती केसभर बारीक झाली होती.

"तो मेला ढग!" कोणी ओळखले, आणि सारे पुन्हा हसले.

बाईंनी मागे तारीख घातली आणि सोमवारची कोरी पट्टी सरकवली. मग त्यांनी नोंदवही उघडून पहिल्या पानावर लिहिले: "या वहीतील सर्व वेळा सूर्याच्या आहेत."

सलूनवाला खांद्यावरून डोकावत होता. "खाली एक ओळ माझीही घाला," तो म्हणाला. "सलूनच्या वेळेत सात मिनिटं मिळवावीत."

"वजा करावीत," घड्याळजी म्हणाले.

बाईंनी दोघांकडे पाहिले, वही मिटली आणि किल्ली कमरेला खोचली.